पाटीवरचं नाव

मिरजेत मुलामुलीचं स्थळ बघायला सुरुवात करायची म्हटलं की आधी मगदूमकडे जाऊन फोटो काढायचा, हे ठरून गेलेलं होतं. लोक सांगलीहून यायचे, जयसिंगपूरहून यायचे, एकदा तर थेट बेळगावहून एक बाई दोन मुलींना घेऊन आल्या होत्या. सुकुमार मगदूम कुणाला गोरं करून देत नसे आणि कुणाचं नाक सरळ करून देत नसे. त्यावरून कैक गिऱ्हाइकांशी त्याचं वाजलंही होतं. त्याच्या फोटोतला माणूस जसा आहे तसाच दिसायचा, फक्त त्याची झोप चांगली झालेली असावी आणि कुणीतरी नुकतीच बरी बातमी सांगितलेली असावी, एवढाच फरक.

हे सगळं तो दिव्यांच्या जोरावर करायचा. मोठा दिवा डोक्यापेक्षा थोडा वर आणि एका बाजूला, म्हणजे गालावर सावली उतरते आणि चेहऱ्याला उठाव येतो. दुसऱ्या बाजूला नुसता पांढरा पुठ्ठा, सावली फार काळी पडू नये म्हणून. फोकस कायम जवळच्या डोळ्याच्या पापणीवर, आणि लेन्स पूर्ण उघडी. मग पापणी लख्ख येते, कान मऊ होतात आणि मागचा पडदा विरघळून जातो. डोळा चुकला तर फोटो फाडून टाक, एवढंच वडिलांनी शिकवलं होतं आणि ते त्याने आयुष्यभर पाळलं.

दिवे लावायचे तर समोर स्टुलावर कुणीतरी बसायला हवं. गिऱ्हाइकालाच अर्धा तास बसवून ठेवलं तर फोटोच्या वेळी त्याचं तोंड आंबट झालेलं असतं. म्हणून सुकुमारची बायको त्रिशला बसायची. एकतीस वर्षं बसत आली होती. लग्न होऊन आल्यावर चौथ्याच दिवशी सासऱ्यांनी तिला स्टुलावर बसवलं आणि तिच्या हातात पाटी दिली.

पाटीची भानगड अशी होती. रोलच्या काळात एका रोलवर चार-चार गिऱ्हाइकं व्हायची आणि नंतर कुठली निगेटिव्ह कुणाची ते कळायचं नाही. एकदा कुपवाडच्या मुलीचा फोटो आष्ट्याच्या मुलीच्या नावाने पाहुण्यांकडे गेला आणि बघण्याच्या कार्यक्रमात भलतीच मुलगी पोहे घेऊन आली. तेव्हा वडिलांनी नियम केला. आधी घरच्या माणसाने गिऱ्हाइकाचं नाव लिहिलेली दगडी पाटी छातीशी धरून स्टुलावर बसायचं, दिवे लावून घ्यायचे, एक फोटो मारायचा आणि मगच गिऱ्हाइकाला आत बोलवायचं. पुढे रोल गेले, निगेटिव्ह गेल्या, वडीलही गेले. पाटी राहिली.

त्या दिवशी पाटीवर नाव होतं मृण्मयी खराडे. सव्वीस वर्षांची मुलगी, दूध संघाच्या प्रयोगशाळेत नोकरीला. वडील दिलीप खराडे हायस्कुलात गणित शिकवायचे. आतल्या खोलीत गरम होत होतं म्हणून मृण्मयी दारातच उभी राहून गंमत बघत होती.

"त्रिशला, अक्षर जरा मोठं काढ की. नाव आहे का मुंग्यांची रांग?" सुकुमार कॅमेऱ्यामागून म्हणाला.

"तुमचेच डोळे गेलेत," असं म्हणत तिने पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं. पहिला शब्द बरा आला. आडनावापाशी येईस्तोवर अक्षर पुन्हा आक्रसलं. सुकुमारने नाद सोडला.

"हनुवटी खाली. बास. आता हलू नको."

ती हललीच नाही. सुकुमारने मोठा दिवा डावीकडे नेला, पुन्हा उजवीकडे आणला, पुठ्ठा पुढे ओढला, आणि तेवढ्या वेळात तिने जणू पापणीसुद्धा लववली नाही.

"बघ मृण्मयी, याला म्हणतात बसणं," सुकुमार कौतुकाने म्हणाला. "नवी होती तेव्हा फ्लॅश उडाला की ससा दचकावा तशी दचकायची. आता पक्की झाली. निव्वळ दगड."

"दगडाशी संसार केल्यावर दुसरं काय होणार बाई," त्रिशला म्हणाली. ती हसली. म्हणजे हसू आवाजात आलं.

मृण्मयीही हसली आणि काकींच्या जागेवर जाऊन बसली. बसल्या बसल्या तिने तीनदा ओढणी सारखी केली, दोनदा केस मागे घेतले आणि एकदा शिंकली. फोटो मात्र सुरेख आला.

तो आला रावणावर. नव्या कॅमेऱ्याला हे नाव त्रिशलानेच ठेवलेलं, कारण त्याला एकोणीस डोळे होते, खऱ्या रावणापेक्षा एकच कमी. जुन्या कॅमेऱ्याला एक लेन्स असायची आणि फोटो काढतानाच ठरवावं लागायचं, की डोळा ठेवायचा की कान, सावली किती आणि उजेड किती. रावणाला असलं काही ठरवावं लागत नसे. त्याच्या एकोणीस लेन्सा एकाच चेहऱ्याकडे एकोणीस जागांवरून बघायच्या आणि भोवतीचे बारीक दिवे एकापाठोपाठ एक, सेकंदाला तीनशे वेळा, उघडझाप करायचे. डोळ्याला ते एकसंधच वाटे. प्रत्येक किरण कुठल्या दिव्यातून निघाला, चेहऱ्याच्या कुठल्या कणावर आपटला आणि कुठल्या लेन्सपाशी पोचला याची नोंद राही. त्यामुळे गिऱ्हाईक घरी गेल्यावर सुकुमार निवांत बसून ठरवू शके, की दिवा इकडे असता तर कसं दिसलं असतं आणि फोकस दुसऱ्या डोळ्यावर असता तर काय झालं असतं.

पण कातडी म्हणजे काही भिंत नव्हे. तिच्यावर पडलेला थोडा उजेड आत शिरतो, रक्तात फिरतो आणि मग बाहेर येतो. हृदयाचा ठोका पडला की गालातलं रक्त किंचित वाढतं आणि हिरवा उजेड किंचित कमी परततो. माणसाला हे दिसत नाही, रावणाला दिसायचं. शिवाय पापणी किती वेळा लवते, डोळ्याचं बुबुळ किती डगमगतं, ओठाखालचा स्नायू सेकंदाला किती वेळा थरथरतो, हेही दिसायचं. कंपनीने हे सगळं फोटो हलू नये म्हणून मोजायला घेतलं होतं. नंतर कुणाच्या तरी लक्षात आलं, की यातून माणसाचा आजार तो अंथरुणाला खिळण्याच्या कितीतरी वर्षं आधी ओळखता येतो.

मग लग्न जमवणाऱ्या संस्था जाग्या झाल्या. पत्रिकेच्या जोडीला प्रकृतिपत्रक आलं. स्थळाच्या फोटोबरोबरच ते निघायचं आणि थेट संस्थेकडे जायचं. आरडाओरडा झाला तेव्हा कायदा आला, की चेहरा आणि प्रकृती एकत्र ठेवायची नाही. त्यामुळे फोटो एका वाटेने जाऊ लागला, आणि ठोके, पापण्या, थरथर हे सगळं दुसऱ्या वाटेने, चेहरा वगळून, नुसत्या बैठकीच्या, म्हणजे एका फोटोच्या बसण्याच्या, क्रमांकावर. सुकुमारला यात फारसा रस नव्हता. त्याला दिव्यांशी मतलब.

आठ दिवसांनी खराडे सर स्टुडिओत आले ते चप्पल न काढताच आत आले. त्यांच्या हातातला कागद घामाने मऊ झाला होता.

"सुकुमारअण्णा, हे बघा. काय लिहिलंय बघा."

सुकुमारने चष्मा लावला. पापण्यांची गती, मिनिटाला पाच. जबड्याची थरथर, सेकंदाला साडेचार. कंपवाताची पूर्वलक्षणं, दाट शक्यता.

"मृण्मयीला?"

"मृण्मयीला! अण्णा, सव्वीस वर्षांची पोर ती. डॉक्टरांना दाखवली. ते म्हणाले, ठणठणीत आहे. मुलाकडचे म्हणतात, आज ठणठणीत, दहा वर्षांनी काय? स्थळ ओळखीतून ठरलेलंच, पत्रक तेवढं राहिलं होतं. येत्या रविवारचा साखरपुडा थांबवलाय त्यांनी. आणि नुसतं हे एक स्थळ जात नाही हो. हा कागद एकदा संस्थेत चढला की सगळीकडे दिसतो."

"मग पुन्हा फोटो काढू. पुन्हा पत्रक काढू."

"विचारलं मी. दुसरं घेत नाहीत. पहिल्यात चूक काय झाली ते स्टुडिओने लिहून दिलं तरच दुसरं घेतात, नाहीतर म्हणतात, लोक औषध घेऊन येऊन बसतील." खराडे सर स्टुलावर बसले आणि लगेच उठले. "पोर आरशासमोर बसून असते अण्णा. घड्याळ लावून स्वतःच्या पापण्या मोजते. काल तिच्या हातून चहाचा कप सुटला तर ती ओरडलीच, सुरू झालं म्हणून. तुमच्याकडून काही झालं असेल तर सांगा. मी भांडणार नाही. फक्त सांगा."

सुकुमारला मनापासून वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. चाळीस वर्षांत त्याच्या दिव्यांना कुणी नावं ठेवली नव्हती. "मशीनचा घोळ असणार," तो म्हणाला. "आजच्या आज कंपनीला धारेवर धरतो. तुम्ही घोर करू नका."

कंपनीच्या फोनवर एक बाई होती. बोलणं गोड, पण जागची न हलणारी.

"सर, पत्रक पूर्ण बैठकीवरून निघत नाही. बैठकीतलं सर्वांत स्वच्छ एक मिनिट निवडलं जातं. म्हणजे चेहरा सर्वांत स्थिर आणि फोकसमध्ये असतो ते. तुमच्या पडद्यावर खाली निळी पट्टी दिसेल, तेच ते मिनिट. त्या वेळी दिवा हलला होता का, तेवढं बघून सांगा."

सुकुमारने मृण्मयीची बैठक उघडली. निळी पट्टी सापडली. ती फार डावीकडे होती, अगदी सुरुवातीला. त्याने बोट तिथे नेलं.

पडद्यावर त्रिशला होती. छातीशी पाटी आणि पाटीवर बारक्या अक्षरात मृण्मयी खराडे.

"सर? सापडलं का?"

"बाई," सुकुमारने विचारलं, "समोर दोन वेगळी माणसं बसली तर मशीनला कळत नाही?"

"प्रकृतीच्या वाटेला चेहरा जात नाही ना सर, कायद्याने. बैठक उघडल्यापासून बंद करेपर्यंत समोर एकच व्यक्ती, असं धरलं जातं. गिऱ्हाईक बसल्यावरच बैठक उघडावी, असं पुस्तिकेत पान चौदावर दिलंय."

सुकुमारने पुस्तिका कधी उघडलीच नव्हती. नाव आधी, माणूस मागाहून, हे त्याच्या हाताला लागलेलं होतं. रावण आला त्या दिवसापासून तो आधी गिऱ्हाइकाच्या नावाने बैठक उघडायचा आणि मग त्रिशलाला बसवायचा.

"दुसरं कुणी बसलं असेल तर दुरुस्तीचा अर्ज आहे सर. त्या व्यक्तीचं नाव, तुमचं नातं आणि तिची सही. ही नोंद मग तिच्या नावावर जाईल."

त्याने फोन ठेवला.  मग त्याने दीड वर्षापूर्वीची पहिली बैठक उघडली. निळी पट्टी डावीकडेच. गिऱ्हाइकं चुळबुळ करायची, हसायची, केस सावरायची, आणि त्रिशला मुकाट बसायची, त्यामुळे स्वच्छ मिनिट दर वेळी तिचंच असायचं. सगळ्या मिरजेच्या लग्नाळू पोरांची प्रकृती म्हणून दीड वर्ष त्रिशलाची प्रकृती जात होती. पहिल्या बैठकीत पापण्या मिनिटाला तेरा. दिवाळीच्या सुमारास अकरा. मग नऊ, मग सात. तोवर आकडा धोक्याच्या रेघेच्या वर होता, म्हणून कुणी कागद घेऊन आलं नाही. मृण्मयीच्या बैठकीत तो रेघेखाली गेला होता.

त्याने सगळ्या बैठकांचे पहिले फोटो एकाशेजारी एक लावले. तेव्हा त्याला पाट्या दिसल्या. पहिल्या पाटीवरचं नाव काठापासून काठापर्यंत होतं. शेवटच्या पाटीवर तेवढ्याच लांबीचं नाव अर्ध्या जागेत मावून वर मोकळी जागा उरली होती. आणि पाट्यांच्या वरचा चेहरा दर फोटोत थोडा अधिक शांत, थोडा अधिक गुळगुळीत होत गेला होता. फोटोग्राफरला आवडावा तसा. ज्याला तो एकतीस वर्षांची सवय म्हणत होता, पाहुण्यारावळ्यांसमोर ज्याचं कौतुक करत होता, तो आजार होता. 

दुपारी जेवायला बसल्यावर तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तिने ताक वाढलं. भांडं दोन्ही हातांनी धरलं होतं. पूर्वी एका हाताने धरायची का दोन्ही? त्याला आठवेना. हजारो वेळा तो तिच्या चेहऱ्यावर फोकस लावून बसला होता आणि ती ताक कशी वाढते ते त्याला माहीत नव्हतं.

"माझ्या तोंडाला काय लागलंय का?" त्रिशलाने विचारलं.

"नाही. का?"

"मघापासून टक लावून बसलाय. भाकरी वाळली ताटात. खराडे सर कशाला आले होते?"

"फोटोच्या कॉप्या पाहिजे होत्या."

तो आतल्या आत एक, दोन मोजत होता. पाच झाल्या आणि मिनिट संपलं. आपलं मोजणं चुकलं असेल म्हणून त्याने पुन्हा मोजलं. मग पोटाचं कारण सांगून तो उठला.

घरात दोघंच. मूलबाळ झालं नाही, त्याचं दुःखही करून झालं होतं. सांगायला, विचारायला तिसरं माणूस नव्हतं. संध्याकाळी त्याने दुरुस्तीचा अर्ज उघडला आणि कारण म्हणून लिहिलं, दिवा हलल्यामुळे चूक. पडद्यावर उत्तर आलं: दिवा हललेला नाही. त्याने लिहिलं, वीज कमीजास्त झाली. उत्तर आलं: वीज स्थिर होती. रावणाला खोटं सांगायची सोय नव्हती.

दुसरा दिवसही तसाच गेला. तो स्वतःला समजावत होता, की आधी एखाद्या डॉक्टरला गुपचूप विचारू, मग तिला सांगू. आजकाल चांगली औषधं आली होती, आजार लवकर सापडला तर त्याचा वेग निम्म्यावर येतो असं ऐकलं होतं. म्हणजे गप्प बसण्यात जाणारा प्रत्येक दिवस तिच्या खात्यातून जात होता. आणि तिकडे खराड्यांची पोर आरशापुढे. हे सगळं त्याला कळत होतं. पण तिला समोर बसवून, तुझं अक्षर का बारीक होतंय मला समजलं, हे वाक्य म्हणायची वेळ आली की तो दिवे पुसायला उठायचा. तो चक्क भ्याला होता.

शुक्रवारी दुपारी मृण्मयी पत्रकाचा कागद घेऊन एकटीच आली. डोळे लाल, पापण्या भराभर लवत होत्या. मुद्दाम लववत असावी.

"काका, बाबांना माहीत नाही मी आलेय. मला त्या साखरपुड्याचं काही नाही. त्या लोकांनी एका कागदावरून फोन उचलायचं बंद केलं, तेव्हाच मनातून उतरले ते. मला फक्त एक सांगा. हे माझं आहे का?"

सुकुमार पुठ्ठा पुसत राहिला.

"दूध तपासते मी काका. नमुना बदलला की निकाल बदलतो, हे मला कळतं. तुम्ही त्या दिवसापासून बाबांचा फोन घेत नाही, म्हणजे तुम्हाला काहीतरी कळलंय." तिने स्वतःचा हात उजेडात धरला. "मला जेवण जात नाही. हात सारखा बघते. असेल तर असेल, पण हो किंवा नाही सांगा ना."

"नाही," सुकुमार म्हणाला. "तुझं नाही ते. तुझी शपथ. तुला काही झालेलं नाही."

मृण्मयी मटकन स्टुलावर बसली आणि तोंड ओंजळीत धरून रडली. थोड्या वेळाने तिने वर बघितलं.

"मग कुणाचं?"

 मृण्मयीची नजर त्याच्या खांद्यावरून मागे गेली आणि तिथेच थांबली. सुकुमारने वळून बघितलं. आतल्या दाराशी त्रिशला उभी होती. मृण्मयीसाठी पाणी घेऊन आली होती. तांब्या तिने दोन्ही हातांनी धरला होता.

"त्या स्टुलावर तिसरं कोण बसतं?" त्रिशला म्हणाली.

 त्रिशलाने तांब्या खाली ठेवला आणि मृण्मयीच्या मांडीवरचा कागद उचलून वाचला.

"ब्लाउजचे हुक लागेनासे झाले तेव्हा मला वाटलं, वय झालं. मग अक्षर बारीक यायला लागलं. मोठं काढायला जाते आणि हातच आखडतो. तुम्ही दर वेळी ओरडायचा, आणि मी मेली तुमच्याच डोळ्यांवर ढकलायची." ती सुकुमारकडे बघत होती. चेहरा शांत होता, आवाज मात्र कापत होता. "तुम्हाला कधी कळलं?"

"बुधवारी."

"दोन दिवस! दोन दिवस ही पोर रडतेय आणि तुम्ही माझ्या पापण्या मोजत भाकरी खाताय?"

"मला सांगवेना, त्रिशला."

"मला सांगवेना म्हणे. माझं आहे ते. मला सांगायचं नाही तर कुणाला सांगायचं?" तिने पदराने डोळे पुसले. "मृण्मयी, त्या ओंजळीतून बाहेर ये आणि सरळ बस. काय लिहून द्यायचंय ते द्या इकडे. सही करते."

सही करायला तिला वेळ लागला. त्रिशला एवढं नीट आलं, मगदूम शेवटी शेवटी मुंगीएवढं झालं. सुकुमारला रडू आवरेना, तेव्हा तो दिव्याची वायर सारखी करायला वाकला. मृण्मयीची बैठक त्याने यावेळी ती बसल्यावर उघडली. तिने ओढणी सारखी केली, केस मागे घेतले आणि बसली. पापण्या मिनिटाला एकोणीस, थरथर शून्य. जाताना मृण्मयी त्रिशलाच्या पाया पडायला वाकली, तर त्रिशलाने तिला वरच्या वर धरलं.

"पाया पडण्यासारखं काय केलंय ग मी? माझं मी घेतलं परत. रविवारी त्या लोकांना हो म्हणावंसं नाही वाटलं तर म्हणू नको, काय?"

मृण्मयी गेली.  सुकुमारने त्रिशलाला पाट्यांचे फोटो दाखवले, कारण आता लपवायला काही नव्हतं. ती एकेक फोटो बघत गेली. शेवटच्या फोटोपाशी बराच वेळ थांबली.

"किती फोटो असतील हो माझे?"

"नव्या मशीनवरचे तीनशेच्या वर. आधीचे धरले तर कैक हजार."

"सगळ्यांत पाटी."

सुकुमारला हे आजवर कधी सुचलंच नव्हतं. शहरातल्या निम्म्या लग्नांचे चेहरे त्याने उजळले होते आणि जिच्यावर सगळे दिवे लावून बघितले, तिच्या नावाची एक बैठक नव्हती.

"काढा माझा एक," त्रिशला म्हणाली. "उद्या डॉक्टरकडे जायचंच आहे. तोंड अजून जागेवर आहे तोवर एक चांगला काढा. आणि पत्रक पण निघू दे. किती काय आहे ते मला बघायचंय."

तिने पाटी पुसली आणि स्वतःचं नाव लिहिलं. एक अक्षर काढायचं, थांबायचं, हात झटकायचा, पुन्हा दुसरं. नाव पुरं झाल्यावर तिने पाटी सुकुमारच्या हातात दिली.

"बसा. लाईट मी बघते. एकतीस वर्षं बघतेय, तुमच्यापेक्षा मला जास्त कळतं."

तो पाटी छातीशी धरून स्टुलावर बसला. उजेड इतका तोंडावर येतो, हे त्याला माहीत नव्हतं. त्रिशलाने मोठा दिवा थोडा खाली घेतला, पुठ्ठा जवळ ओढला, मान तिरकी करून बघितलं आणि पुन्हा थोडा लांब केला. मग तिची नजर पडद्यावर गेली. कोपऱ्यात बैठकीचा लाल ठिपका लागलेला होता. त्याने सवयीने आधीच उघडली होती. सवयीनेच उघडली, की आपल्या पापण्या तिच्यात मिसळल्या तर आकडा जरा बरा दिसेल असं मनात कुठेतरी आलं होतं, हे त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

"ती बंद करा," त्रिशला म्हणाली. "तुमचं यात काही नको. माझं मला कळू दे."

त्याने उठून बैठक बंद केली. त्रिशला स्टुलावर बसली, पदर सारखा केला आणि मोकळे हात मांडीवर ठेवले. पाटी नसली की हातांचं काय करायचं हे तिला समजत नसावं, ते एकमेकांत गुंतत होते. उजव्या अंगठ्याला अगदी हलका कंप होता. एवढ्या जवळून तो मशीनशिवायही दिसत होता.

सुकुमारने तिच्या नावाने बैठक उघडली. फोकस जवळच्या डोळ्याच्या पापणीवर आणला. लाल ठिपका लागला आणि तो मोजू लागला.

एक.

मग बराच वेळ काहीच नाही. ती त्याच्याकडे बघत होती, आणि आपली स्वतःची पापणी न लववता तो दुसरीची वाट बघत राहिला.